अ‍ॅक्टिव्ह कणांच्या दोन फेजमधली सीमा कशी मोजायची: एका कणापासून शेवटच्या आलेखापर्यंत

रविवारी सकाळचे पोहे आटोपले की इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी एमएस्सीची चार-पाच मुलं लॅपटॉप घेऊन बसतात. गेल्या दोन वर्षांत प्रत्येक नव्या मुलाने एकच गोष्ट केली आहे. अ‍ॅक्टिव्ह कणांचं, म्हणजे स्वतःच्या जोरावर चालणाऱ्या कणांचं, सिम्युलेशन चालवायचं, पडद्यावर गठ्ठे दिसले की स्क्रीनशॉट काढायचा आणि खाली लिहायचं, ‘फेज वेगळ्या झाल्या’.

“पण सर, गठ्ठे तर दिसतायत ना?”

दिसतायत रे. पण सेकंदभर जमून विरघळणारी टोळकी वेगळी आणि दोन घनता, म्हणजे एक दाट आणि एक विरळ फेज, शेजारी-शेजारी कायम टिकणं वेगळं. हे दुसरं झालं आहे की नाही, ते दोन्हींमधली सीमा नीट मोजता आली तरच कळतं. सीमेची मोजणी बिघडते ती बहुतेक वेळा मोजायच्या कितीतरी आधी. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

इथले कण म्हणजे गोल चकत्या. प्रत्येकीला स्वतःचं इंजिन, ठरावीक वेग, आणि हळूहळू भरकटणारी दिशा. एकमेकींत ओढ नाही, शेजारणीची दिशा पाहून वळणंही नाही; फक्त टक्कर झाली की ढकलणं. तरीही त्या साचतात, कारण गर्दीत वेग मंदावतो आणि वेग मंदावला की गर्दी वाढते. रंगपंचमीच्या गेरला (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीला) राजवाड्यासमोर जे सापडले असतील त्यांना हे समजवायला नको. शेजाऱ्यांशी दिशा जुळवणारे कण, म्हणजे १९९५ च्या व्हिचेक मॉडेलच्या जातीचे, वेगळे. त्यांच्यात धावते पट्टे तयार होतात. त्यांचा कोड इथे आणू नका.

## तयारी: आकडे कागदावर ठरवा

कोड उघडायच्या आधी कागदावर सहा आकडे लिहा. मी मुलांना देतो तो संच असा: कणाचा व्यास १, प्रतिकर्षणाची ऊर्जा १, मोबिलिटी (दर एकक जोराला मिळणारा वेग) १, इंजिनाचा जोर २४, म्हणून मोकळ्या कणाचा वेगही २४. दिशा भरकटण्याचा दर ०.९, साध्या डिफ्यूजनचा (इंजिनाशिवायच्या यादृच्छिक भटकण्याचा) गुणांक ०.३.

हा २४ हवेतून आलेला नाही. प्रतिकर्षणासाठी आपण लेनर्ड-जोन्सचा (दोन कणांमधल्या ओढीचं आणि ढकलण्याचं नेहमीचं सूत्र) फक्त ढकलणारा भाग वापरतो, म्हणजे २ च्या एक-षष्ठांश घाताशी (सुमारे १.१२ व्यासावर) कापलेला आणि वर उचललेला. त्यात दोन केंद्रं बरोबर एक व्यास अंतरावर असताना ढकलण्याचा जोर २४ येतो. म्हणजे समोरासमोर आदळलेले दोन कण बरोबर एका व्यासावर अडतात, आणि तुम्ही ज्याला व्यास म्हणता तो खरोखरच व्यास असतो.

चूक पहिली, सगळ्यात महागडी. कणांची चिकाटी (एकाच दिशेने चालत राहणं) वाढवायची म्हणून मुलं वेग वाढवतात. वेग वाढला की टकरीत कण एकमेकांत जास्त घुसतात, त्यांचा खरा आकार लहान होतो, आणि एकाच आलेखावर दोन गोष्टी बदलत राहतात. वेग २४ वरच ठेवा, दिशा भरकटण्याचा दर बदला. साधं डिफ्यूजनही त्याच्याबरोबर बदला. ते त्या दराच्या एक तृतीयांश.

आता पेक्ले संख्या, म्हणजे दिशा भरकटण्याच्या तुलनेत इंजिन किती भारी ते सांगणारा आकडा. हिच्या दोन व्याख्या चलनात आहेत: एकीत वेग भागिले (दर गुणिले व्यास), दुसरीत त्याच्या तिप्पट. वरच्या आकड्यांनी पहिली सुमारे २७ देते, दुसरी ८०. फेज वेगळ्या व्हायला सुरुवात होते तो क्रिटिकल बिंदू दुसऱ्या व्याख्येत ४० च्या आसपास आहे, म्हणजे पहिल्या व्याख्येत साधारण १३. एका मुलाने ४० हा आकडा एका लेखातून घेतला, व्याख्या दुसऱ्या लेखातून घेतली, आणि महिनाभर क्रिटिकल बिंदूपासून खूप लांब बसून ‘इथे चढउतार का दिसत नाहीत’ म्हणून शोधत राहिला. वहीच्या पहिल्या पानावर व्याख्या शब्दांत लिहा. मी पुढे तिप्पटवाली वापरतोय.

दोन शब्द आमच्या घरचे. दराचा व्यस्त म्हणजे ‘दिशा-काळ’, इथे १.११. तेवढ्या काळात मोकळा कण जेवढं अंतर कापतो ती ‘सरळ धाव’. इथे जवळपास २७ व्यास. आणि ‘भराव’ म्हणजे कणांनी व्यापलेलं क्षेत्रफळ भागिले डब्याचं क्षेत्रफळ.

वेळेची पायरी ०.००००५ घ्या. एका दिशा-काळाला सुमारे २२ हजार पायऱ्या होतात. दहा हजार कण आणि हजार दिशा-काळ हे काम साध्या पायथॉन लूपचं नव्हे. सी-मध्ये लिहा, किंवा लॅम्प्स, हूमडसारखं तयार पॅकेज घ्या. शेजारी शोधायला सेल-लिस्ट (डबा लहान खणांत वाटून फक्त जवळचे खण तपासणं) हवीच. आणि दर काही दिशा-काळांनी स्थिती फाइलमध्ये जपा. मे महिन्यातल्या दुपारी वीज किती वाजता जाईल याचा भरवसा माळव्यात कुणी देत नाही.

## १. एकच कण सोडा

हा टप्पा सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो. निम्म्या चुका इथेच सापडतात.

दिशेला दर पायरीला मिळणारा धक्का म्हणजे (२ गुणिले दर गुणिले वेळ-पायरी) याचं वर्गमूळ, गुणिले नॉर्मल वितरणातली यादृच्छिक संख्या. आपल्या आकड्यांत ते वर्गमूळ ०.००९५ रेडियन. वर्गमूळ विसरलात तर धक्का ०.००००९ होतो, शंभर पटीने लहान, आणि कण नाकासमोर चालत राहतो. उणे एक ते अधिक एकमधली सपाट यादृच्छिक संख्या वापरलीत तर तिचा व्हेरियन्स एक तृतीयांश असतो. दर गुपचूप तिसरा हिस्सा होतो आणि पेक्ले संख्या तिप्पट. प्रोग्रॅम तक्रार करत नाही, चित्रही सुरेख दिसतं.

तपासणी अ. दिशेचं स्वतःशी कोरिलेशन मोजा. ते घातांकी पडलं पाहिजे, आणि पडण्याचा दर ०.९ च यायला हवा. १.८ आला तर पॅकेज तुमच्या कणाला त्रिमितीत फिरवतंय. त्रिमितीत हा दर दुप्पट असतो. फिरणं फक्त पृष्ठभागाला लंब अक्षाभोवती बांधून टाका.

तपासणी ब. सरासरी वर्ग-विस्थापन भागिले चारपट वेळ. दीर्घकाळाने हे ०.३ अधिक (वेगाचा वर्ग भागिले दराची दुप्पट) इथे टेकतं, म्हणजे ३२०.३. पण वीस दिशा-काळांनंतर मोजलंत तर ३०४ च्या आसपासच यायला हवं, कारण सुरुवातीच्या सरळ चालीची बाकी तोवर फिटलेली नसते. एक हजार स्वतंत्र कणांवर सरासरी घ्या. डब्याच्या कडेवरून गुंडाळलेले (एका कडेतून बाहेर पडून समोरच्या कडेतून आत आलेल्या कणाचे) निर्देशांक वापरू नका. न गुंडाळलेले वेगळे साठवा.

## २. दोन कण समोरासमोर

नॉइज (यादृच्छिक धक्के) बंद करा, दोन कण एकमेकांकडे तोंड करून सोडा. ते १.००० वर थांबले पाहिजेत. १.०५ वर थांबले तर बहुधा जोराच्या सूत्रात चूक आहे. थरथरत राहिले तर वेळेची पायरी मोठी आहे. दोन मिनिटांचं काम.

## ३. गर्दीत वेग किती पडतो ते पाहा

आता पेक्ले संख्या मुद्दाम कमी, २० ठेवा (दर ३.६, डिफ्यूजन १.२), म्हणजे फेज वेगळ्या होणारच नाहीत. भराव ०.१ ते ०.६ पर्यंत सहा वेळा चालवा. दर वेळी कणाच्या स्वतःच्या दिशेने त्याचा वेग किती उरतो त्याची सरासरी घ्या: २४ अधिक टकरींच्या जोराचा त्या दिशेवरचा भाग.

आलेख जवळजवळ सरळ रेषेत उतरला पाहिजे. ती रेषा पुढे वाढवली की भराव १ च्या जवळपास कुठेतरी शून्याला टेकते. साधा सिद्धांत सांगतो की वेग घनतेपेक्षा जास्त वेगाने पडायला लागला, टक्क्याला टक्क्याहून जास्त, की एकजिनसी अवस्था मोडते. सरळ रेषेसाठी ती वेळ शून्य-बिंदूच्या निम्म्यावर येते. म्हणून पुढे भराव ०.५ घेतला आहे.

रेषा वाकडीतिकडी आली तर पुढे जाऊ नका. शेजारी-यादी उशिरा ताजी होत असेल, किंवा टकरीचा जोर एकाच कणाला लागत असेल. सगळ्या टकरींच्या जोरांची बेरीज शून्य येते का ते छापून बघा.

## ४. डबा लांबट घ्या, पट्टी मांडून सुरू करा

चौकोनी डब्यात कण यादृच्छिक टाकले की गोल थेंब, वेडेवाकडे पूल, काहीही होतं, आणि वक्र सीमेवर मोजणी करणं नवख्याचं काम नाही. डबा तीनास एक घ्या: दहा हजार कण, भराव ०.५, लांबी २१७, रुंदी ७२. समोरासमोरच्या कडा एकमेकींना जोडलेल्या. दाट पट्टी आखूड बाजूला समांतर उभी राहते, आणि तुम्हाला दोन सरळ सीमा मिळतात, एक डावी, एक उजवी.

रुंदी सरळ धावेपेक्षा बरीच मोठी असू द्या. आपल्याकडे २७ ला ७२ आहे. पेक्ले २०० केलीत तर सरळ धाव ६७ होईल आणि ७२ चा डबा तोकडा पडेल. कण कडेवरून फिरून स्वतःच्याच शेपटीला भेटतील.

सुरुवातीला सगळे कण मधल्या पट्टीत षट्कोनी जाळीत रचा, अंतर एक व्यास. पट्टी सुमारे १२० व्यास जाडीची होईल. दिशा मात्र प्रत्येकाची यादृच्छिक. सगळ्यांना एकाच दिशेने तोंड देऊन सोडलं तर पट्टी मालगाडीसारखी निघते, आणि मग ‘सामूहिक गती सापडली’ म्हणून फोन येतो. आलाय मला तसा फोन.

इशारा. याच आकड्यांवर एक रन यादृच्छिक मांडणीतूनही करा. दोन्ही सुरुवातींतून शेवटी त्याच दोन घनता यायला हव्यात. को-एक्झिस्टन्सच्या (दोन्ही फेज एकत्र नांदण्याच्या) कडेला यादृच्छिक सुरुवात तासन्‌तास एकजिनसीच बसून राहते, कारण पहिला पुरेसा मोठा गठ्ठा जमायलाच वेळ लागतो. त्यावरून ‘इथे फेज वेगळ्या होत नाहीत’ असं लिहू नका.

## ५. थांबा

किती? घड्याळावर ठरवू नका. पट्टीपासून सर्वांत लांबच्या भागातली, म्हणजे विरळ फेजमधली घनता काळाविरुद्ध काढा. ती चढून सपाट झाली, आणि त्यानंतर तेवढाच काळ सपाट राहिली, की मोजणी सुरू. त्याआधीचं सगळं फेकून द्या. जीव तुटतो, पण फेका.

दाट भागात भराव ०.९०७ पेक्षा जास्त दिसला तर घाबरू नका. कठीण चकत्यांची सर्वांत दाट रचना तिथे संपते, पण आपले कण किंचित मऊ आहेत आणि पट्टीच्या आत एकावर एक अनेक कणांचा रेटा साठलेला असतो. दाट भागात मध्येच विरळ बुडबुडे उठतील, फिरतील, कडेला येऊन फुटतील. तेही खरेच आहेत, कोडमधली चूक नव्हे. पुढच्या टप्प्यावर मात्र त्रास देतात.

## ६. प्रत्येक फ्रेम मध्यावर आणा

आता या सगळ्या लेखाचं कारण.

पट्टी एका जागी राहत नाही. टकरींचे जोर आपसांत कटतात, इंजिनांचे जोर कटत नाहीत. त्यामुळे सगळ्या समूहाचं केंद्र एका कणाच्या डिफ्यूजनच्या दहा हजाराव्या हिश्श्याने भटकतं. ३२० भागिले दहा हजार, म्हणजे ०.०३२. क्षुल्लक वाटतं. पण हजार दिशा-काळांत एका अक्षावर याने साधारण आठ व्यासांची सरक होते. वर कण पट्टीच्या एका बाजूने सुटून दुसरीकडे चिकटतात, ती सरक वेगळी. अशा सगळ्या फ्रेम न हलवता सरासरीत घातल्या की सीमा खरीपेक्षा कितीतरी जाड दिसते, आणि रन जितका लांब तितकी जास्त जाड.

मी स्वतः हे केलंय. ‘सीमा काळानुसार रुंदावते’ यावर तीन पानं लिहिली, डिफ्यूजनशी जुळणारा घातांकसुद्धा काढला. जुळणारच होता, पट्टीचं भटकणंच मोजत होतो मी.

केंद्र काढायला साधी सरासरी चालत नाही. एक कण १ वर आणि दुसरा २१६ वर असला तर ते शेजारी आहेत, पण त्यांची सरासरी १०८.५ येते, डब्याच्या बरोबर विरुद्ध टोकाला. म्हणून:

- प्रत्येक कणाच्या लांबीकडच्या निर्देशांकाचा कोन करा: पूर्ण वर्तुळ म्हणजे २१७.
- सगळ्या कोनांच्या कोसाइनची आणि साइनची वेगवेगळी सरासरी घ्या.
- त्या दोन सरासऱ्यांवरून कोन परत काढा (चारही चतुर्थांश ओळखणारा आर्कटॅन वापरा) आणि त्याचं अंतर करा. ते पट्टीचं केंद्र.
- सगळे कण तेवढे सरकवून परत डब्यात गुंडाळा.

विरळ भागातले कण वर्तुळभर विखुरलेले असल्याने एकमेकांना जवळपास कापतात. तरी शंका असेल तर ज्या कणांभोवती दाटी आहे तेवढेच मोजा.

तपासणी. प्रत्येक कणाच्या दिशेचा लांबीकडचा घटक काढा आणि पट्टीच्या आरपार त्याची सरासरी मांडा. दोन्ही फेजच्या पोटात ती शून्याजवळ, आणि सीमेवर ठळक टेकडी: डाव्या सीमेवर उजवीकडे, उजव्या सीमेवर डावीकडे. सीमेवरच्या कणांची तोंडं दाट बाजूकडे असतात. बाहेर तोंड करून असलेला कण निघूनच जातो, आत तोंड असलेला अडकून राहतो. दोन्ही टेकड्या एकाच चिन्हाच्या आल्या तर पट्टी अजून रुळलेली नाही, किंवा कण सरकवताना त्यांच्या दिशांची रांग मागेपुढे झाली आहे.

## ७. जाडी मोजा, पण कुठली ते आधी ठरवा

मध्यावर आणलेल्या फ्रेमची सरासरी घनता लांबीकडे मांडली की दोन पायऱ्यांची टेकडी दिसते. प्रत्येक बाजूला हायपरबोलिक टॅन बसवा. त्यातून दोन्ही फेजची घनता आणि एक जाडी मिळते. घनता बिनधास्त वापरा.

जाडी मात्र सीमेची स्वतःची नसते. सीमा सरळ रेघ नसून लाटा मारणारी दोरी आहे, आणि सरासरीत त्या लाटाही मिसळतात. आपल्यासारख्या द्विमितीत या लाटांचा वर्ग-विस्तार सीमेच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो. ७२ रुंदीच्या डब्यात मिळालेली जाडी १४४ च्या डब्यात मिळणार नाही. रुंदी न सांगता दिलेला जाडीचा आकडा माझ्या लेखी निरुपयोगी.

म्हणून सीमा फ्रेमागणिक शोधा. डबा रुंदीकडे अडीच-तीन व्यासांच्या फितींत कापा, प्रत्येक फितीत घनता दोन्ही फेजच्या मधल्या मूल्याला कुठे छेदते ते पाहा. इथे बुडबुडे घात करतात. पट्टीच्या आतला बुडबुडाही मधलं मूल्य छेदतो, आणि मग सीमा एका फितीत अचानक वीस व्यास आत उडी मारते. आधी दाट भागाचा सर्वांत मोठा सलग तुकडा ओळखा, त्याच्या आतली भोकं बुजवा, आणि मगच बाहेरची कड घ्या. दहा-बारा फ्रेम डोळ्यांनी तपासा, कड पेनने काढल्यासारखी चित्रावर छापून. सराफ्यात (आमच्याकडच्या रात्रीच्या खाऊबाजारात) रात्री अकराला जाऊन गर्दीची कड कुठे ते बोटाने दाखवायचा प्रयत्न करा. प्रोग्रॅमची अडचण लगेच कळेल.

मग या कडेचं फुरिये रूपांतर, म्हणजे तिच्यातल्या लांब-आखूड लाटा वेगवेगळ्या करणं. प्रत्येक तरंगसंख्येसाठी (लाट जितकी आखूड तितकी ती मोठी) वर्ग-विस्तार काढा आणि त्याला तरंगसंख्येच्या वर्गाने गुणा. लांब लाटांकडे हा आलेख सपाट झाला पाहिजे. तो सपाट भाग सीमेचा ताठपणा (वाकायला होणारा विरोध) सांगतो. आखूड लाटांकडे तो बिघडतो. तिथे सरळ रेघ बसवू नका. फितीची रुंदीच तिथे बोलत असते. रुंदी ३६, ७२, १४४ असे तीन डबे चालवा, लांबी तीच ठेवा, कण त्या प्रमाणात बदला. तिन्हींचे सपाट भाग एकमेकांवर बसले तर मोजणी भरवशाची.

एररबारसाठी फ्रेम मोजू नका. सर्वांत लांब लाट सर्वांत आळशी असते, शेजारच्या फ्रेम जवळपास जुळ्या. रनचे पाच सलग तुकडे करा आणि तुकड्यांतला फरक घ्या.

## ८. पृष्ठताण: चिन्ह पाहून कोड बदलू नका

इथे पोचलेल्यांना पुढचा मोह होतोच: सीमेला लंब दाब वजा समांतर दाब, त्याची सीमेच्या आरपार बेरीज, म्हणजे पृष्ठताण. इंजिनांच्या जोराचा वाटा धरून ही बेरीज केली की ती ऋण येते. मुलं रात्रभर उणे चिन्ह शोधत बसतात. शोधू नका. २०१५ मध्ये बियाल्के, सीबर्ट, ल्योवेन आणि श्पेक यांनी हेच दाखवलं: यांत्रिक ताण ऋण, तरीही सीमा टिकाऊ. इंजिनांचा वाटा धरायचा की नाही, कसा धरायचा, यावर उत्तर बदलतं, त्यामुळे कुठली व्याख्या घेतली ते आलेखाखाली लिहा.

सातव्या टप्प्यातला ताठपणा धन येतो, आणि तो या ताणापेक्षा वेगळी राशी आहे. साध्या द्रवात तापमान भागिले ताण असं जे समीकरण दोघांना जोडतं, ते इथे उचलून वापरू नका. इथे तापमानाच्या जागी काय ठेवायचं हेच ठरलेलं नसतं. मॅक्सवेलची समान क्षेत्रफळांची रचनाही (साध्या द्रवात दोन्ही फेजच्या घनता काढायची रीत) या कणांना लागू होत नाही. आपल्या गोल, टकरीत दिशा न बदलणाऱ्या कणांचा एकूण दाब दोन्ही फेजमध्ये सारखा येतो, तेवढा मात्र जरूर तपासा. नाही आला तर पाचव्या टप्प्यावर परत जा; बहुतेक वेळा थांबायचा कंटाळा केलेला असतो.

आलेखाच्या फाइलच्या नावात पेक्ले संख्या, तिची व्याख्या, भराव, डब्याची रुंदी आणि सुरुवात पट्टीतून की यादृच्छिक, एवढं घाला. परवा एकाने ‘फायनल_खरंच_फायनल’ नावाच्या सात फाइल आणल्या. कुठली कशाची ते त्यालाही सांगता येईना, आणि सातही रन पुन्हा लावावे लागले.